ळ, ती आणि पा

फोन आला तेव्हा तो मावशीची नखं कापत बसला होता. अंगठा आणि शेजारचं बोट झालं होतं, मधलं चालू होतं, आणि मावशी नेहमीप्रमाणे बजावत होती, "जरा बेताने हो. सगळंच तासत सुटू नकोस, मी दगड नाही." फोन बायकोने घेतला, ऐकला, आणि त्याच्या कानाला लावला. पलीकडे नगरपालिकेतला तो तरुण इंजिनिअर होता. "सर, आली एकदाची तुमची अक्षरं!" "कसली अक्षरं?" "असं काय करता सर? ळ, ती आणि पा. पितळेची, अगदी जुन्यांच्या मापाची. उद्या सकाळी बसवतोय. तुम्ही स्वतः उभे राहा बरं का, नाहीतर वाकडी बसली म्हणून पुन्हा आमच्या नावाने शंख कराल." आणि तो मनापासून हसला. "वा, छान, येतो की," असं काहीतरी हा म्हणाला आणि पुन्हा मावशीचा हात हातात घेतला, तर कुठलं बोट चालू होतं तेच आठवेना. खरं म्हणजे त्याने खुर्चीतून उडी मारायला हवी होती. या तीन अक्षरांसाठी तो नगरपालिकेच्या हात धुऊन मागे लागला होता, अर्ज करकरून त्याची बोटं झिजली होती, नगराध्यक्ष आले आणि गेले होते. आणि आता आनंद कुठे दडी मारून बसला? "कोण गेलं रे?" मावशीने विचारलं. तिला दिसेनासं होऊन बराच काळ झाला होता, पण त्यामुळे तिचं काही अडत नव्हतं. "कोणी नाही गं." "मग हात का गार पडला तुझा?" ती म्हणाली. त्याने तिचं पुढचं बोट घेतलं.

तर या अक्षरांची भानगड अशी. शहरातला मोठा रस्ता ग्रंथालयाच्या कोपऱ्यावर जिथे वळतो तिथे, बसथांब्याला अगदी लागून, त्याचं एक शिल्प आहे. काळा दगड, खाली रुंद, वर निमुळता होत पुढे झुकलेला, आणि मागच्या बाजूने वरपासून खालपर्यंत एक लांबच लांब उतार. नाक नाही, डोळे नाहीत, हातपाय नाहीत. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं आणि, जाणकार म्हणतात, सगळ्यात चांगलं काम. चौथऱ्यावर पितळी अक्षरांत नाव होतं, 'मावळतीपाशी'. एकेक अक्षर सुटं कापून दगडात घट्ट बसवलेलं. नाव त्याने फार विचार करून ठेवलं होतं. ऐकणाऱ्याला काहीतरी गहन वाटावं आणि अर्थ विचारायची त्याची हिंमत होऊ नये, असं. लोकांनी अर्थबिर्थ काही विचारला नाही, ते त्या थांब्याला सरळ 'दगड' म्हणायला लागले. मग एकदा पाण्याचा टँकर मागे घेताना ड्रायव्हरचा अंदाज चुकला, टँकर चौथऱ्याला घासला आणि मधली तीन अक्षरं उडाली. ती गटारात गेली की भंगारात, देव जाणे. राहिलं ते 'माव', मग थोडी मोकळी जागा, आणि मग 'शी'. झालं! दुसऱ्या दिवशीपासून दगडाची मावशी झाली. बसचे कंडक्टर दारात लोंबकळून ओरडायला लागले, "मावशी, मावशी! चला, मावशीवाले पुढे या!" त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बायको मात्र ऐकून इतकी हसली की तिला ठसका लागला. "दगडाची मावशी म्हणजे बढतीच की हो," ती म्हणाली, "लोकांनी नातं लावलं तुमच्याशी." आणि तिने ही बातमी तशीच उचलून मावशीला सांगितली. मावशी म्हणाली, "अगं बाई, माझ्या नावाचा थांबा?" आणि दिवसभर मधूनमधून एकटीच हसत राहिली.

नखं कापून झाली. जेवण झालं. मावशी कलंडली. त्याने चप्पल घातली तशी बायको म्हणाली, "अक्षरं उद्या आहेत ना?" "माहीत आहे मला." "मग?" "जरा पाय मोकळे करून येतो." "बसने जाऊन पाय मोकळे करता होय," ती म्हणाली. तिने आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं होतं, तिच्यापुढे थापा फारशा चालत नसत. बसमध्ये त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. कंडक्टरला त्याने नेहमीसारखं "ग्रंथालय" म्हटलं आणि कंडक्टरने नेहमीसारखं "म्हणजे मावशीच ना?" विचारलं, आणि त्याने नेहमीसारखं दात आवळून पुन्हा "ग्रंथालय" म्हटलं. हा सामना अनेक वर्षं चालू होता आणि त्यात तो एकदाही जिंकला नव्हता. आज मात्र शब्द तोंडातून निघताच त्याला वाटलं, उद्यापासून हा माणूस काय ओरडेल? मावळतीपाशी, मावळतीपाशी, चला? जीभ अडखळेल त्याची. थोडे दिवस जुनी माणसं मावशी म्हणतील, मग नवी माणसं येतील, चौथऱ्यावर लिहिलेलं वाचतील आणि गप्प बसतील. आणि मग ते तिथे परत दगड होऊन उभं राहील, त्याच्या मनासारखं. इतकी वर्षं त्याने हेच तर मागितलं होतं.

खिडकीच्या काचेला त्याने गाल टेकला. बस धडधडली की गालाचं हाड हलायचं, आणि हे गालाला आतून काहीतरी जाणवणं त्याच्या फार ओळखीचं होतं. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की आईचं त्याला काहीच आठवत नाही, एक वाससुद्धा नाही. आठवते ती पाठ. आईची धाकटी बहीण त्याला घेऊन एका खोलीत राहायला आली, लग्नबिग्न काही केलं नाही, आणि छापखान्यातून छापलेल्या कागदांचे गठ्ठे घरी आणून त्यांना घड्या घालायला बसली. जमिनीवर मांडी घालून, पुढे वाकून, हातात एक गुळगुळीत लाकडी पट्टी. कागद दुमडायचा, पट्टी फिरवायची, बाजूला ठेवायचा. दुमड, फिरव, ठेव. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. कोणाकोणाची पुस्तकं तिच्या हाताखालून गेली असतील, तिने त्यातलं पानसुद्धा वाचलं नाही, वेळ कोणाला होता? तो तिच्या मागे बसायचा आणि तिच्या पाठीला गाल लावायचा. पुढे काय चाललंय ते दिसायचं नाही, पण कळायचं सगळं. हात लांब गेला की उजव्या खांद्याचं पातं वर उचललं जायचं, पट्टी फिरली की कण्याच्या दोन्ही अंगांनी काहीतरी सरकत खाली यायचं, कागद ठेवला की सगळी पाठ क्षणभर सैल व्हायची. ती बोलली की तिचा आवाज आधी गालात यायचा आणि मग कानात. संध्याकाळी ती पालथी पडायची आणि म्हणायची, "ये रे चिखल्या, चेप जरा." चिखल्या हे त्याचं तिने ठेवलेलं नाव, कारण नळाखालच्या ओल्या मातीतून त्याला ओढून काढावं लागे. "तळहाताने नको, अंगठा लाव. आणखी खाली. हं, तिथंच." त्या मातीची तो माणसं करायचा आणि म्हणायचा, मोठा झालो की तुझा पुतळा करीन, एवढा मोठा. "आणि ठेवणार कुठे?" ती विचारायची, "या खोलीत? मग आपण झोपायचं कुठे?"

कलाशाळेत मास्तरांनी पहिल्याच महिन्यात त्याच्यामागे उभं राहून म्हटलं होतं, "तुझा अंगठा मातीत फार छान चालतो. कुठे शिकलास?" आणि हा भोळसट, खरं ते बोलून बसला. "मावशीची पाठ चेपून." सगळा वर्ग फुटला. मास्तरसुद्धा हसले, वाईट मनाने नाही, पण हसले. नंतर वर्षभर कोणीतरी याच्यासमोर येऊन पाठ करून उभं राहायचं आणि कण्हायचं, "जरा चेपून दे रे, राजा." तो वरवर हसायचा, कानाच्या पाळ्या मात्र लाल व्हायच्या. त्या वर्षी त्याने एक शहाणपण शिकून घेतलं. आपल्या कामाच्या जगात हा शब्द पुन्हा काढायचा नाही. लोकांना केवढा मोठा माणूस वाटला तो पुढे, कोणाचं काही न सांगणारा, आतल्या आत राहणारा! मुळात तो हसण्याला भ्यायला होता, बस.

हुबेहूब अर्धपुतळे करायचं काम त्याला उत्तम जमायचं आणि त्यावर त्याची काही वर्षं गेली. गेलेल्या न्यायाधीशांच्या मिशा, कारखानदाराची हनुवटी. घरची माणसं फोटो घेऊन यायची आणि म्हणायची, नाक जरा सरळ करता येईल का, आणि एवढे रागावलेले नव्हते हो ते. एक दिवस तो एका बाईंच्या दिवंगत नवऱ्याचे कान बसवत असताना त्याला एकदम शिसारी आली. माणसाला असं कान-नाक-डोळ्यांत पकडतात का कधी? आपल्याला जे माणूस सगळ्यात जास्त ठाऊक आहे त्याचा चेहरा आपण समोरून किती वेळ पाहिलाय? हा विचार त्याला आला आणि त्याने तो तिथेच झाकून टाकला. पण हात तेव्हापासून बदलले. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात जागा घेऊन तो दगड फोडायला लागला. सकाळी आत शिरायचा तो दुपार टळली तरी बाहेर यायचा नाही, घरी यायचा तेव्हा भुवयांवर पांढरी धूळ. पहिल्या प्रदर्शनाला माणसं आली, गोल गोल फिरली आणि गेली. एका दाढीवाल्या टीकाकाराने छापून आणलं की हे बटाटे नीट सोललेलेसुद्धा नाहीत. मावशी मात्र नटूनथटून आली होती. प्रत्येक दगडापुढे थांबून ती हळूच विचारायची, "ही मी का रे?" "नाही गं." "ही तरी?" "मावशी, यात कोणी नाही. हा नुसता आकार आहे." "बरं, राहू दे मग," ती म्हणायची आणि पुढच्यापुढे जाऊन उभी राहायची. पुढे तो घरातला खेळच झाला. त्याने नवं काही केलं की ती विचारणार, ही मी का रे, आणि तो म्हणणार, नाही गं. बायको लग्न होऊन आली तेव्हा तिलाही तो कळायला वेळ लागला नाही. बाहेर मात्र तो भाषणांतून सांगत सुटला, "माझ्या कामात माणूस शोधू नका." विद्यार्थ्यांनी ते वाक्य भिंतीवर रंगवलं. मानमरातब आले, लांब लांबची बोलावणी आली, आणि तो जाईल तिथे हेच ठासून सांगत राहिला.

तो काळा दगड त्याने कसा केला हे तो कुठेच बोलला नव्हता. हातात एक छोटा नमुना होता, मापं होती, सगळं कसं ठरलेलं. आणि तरी मागची बाजू जमेना. तासून तासून तो रडकुंडीला आला. एका दुपारी छिन्नी खाली टाकून तो दगडाला टेकला, गाल लागला दगडाला, आणि त्याला कळलं की उजवीकडे वर एक बोटभर जास्त ठेवायला हवं आणि कण्याच्या बाजूने उतार अजून खाली न्यायला हवा. कणा! हा शब्द त्याच्या मनात आपोआप आला आणि तो इतका दचकला की त्याने मागे वळून पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना. त्या दिवसानंतर त्याने नमुना बाजूला ठेवला. आधी गाल लावायचा, मग छिन्नी. काम पुरं झालं तेव्हा नाव शोधताना त्याने मुद्दाम लांबात लांब जाऊन मावळती गाठली. आणि उद्घाटनाच्या दिवशी सकाळपासून तो मनात घोकत होता, मावशी विचारेल, ही मी का रे, आणि आपण म्हणायचं, नाही गं. हसत म्हणायचं, रोजच्यासारखं. पडदा ओढला, टाळ्या झाल्या, मावशी आली. तेव्हा तिला दिसत होतं, चांगलं दिसत होतं. ती मागच्या बाजूला गेली, बराच वेळ उभी राहिली, मग तिने दगडावर हात ठेवला आणि म्हणाली, "गार आहे रे." बस, एवढंच. विचारलंच नाही तिने. त्याच्या तोंडातलं 'नाही' तोंडातच राहिलं, आणि ते अजून तिथेच होतं. पुढे प्रत्येक कामाला तिने विचारलं, अगदी डोळे गेल्यावर बोटांनी चाचपूनसुद्धा विचारलं. त्या एकाच कामाला नाही.

तो उतरला आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. थांब्यावर गर्दी होती. त्या दगडी मावशीच्या पाठीला पाठ लावून एक माणूस पेपर वाचत होता, मागच्या उतारावर लोकांच्या टेकण्याने दगड असा काही चकचकीत झाला होता की तेवढाच भाग ओला वाटत होता. एका बाईने आपल्या दोन्ही पिशव्या चौथऱ्यावर ठेवल्या आणि फोन कानाला लावून ती जोरात म्हणाली, "मी मावशीपाशी आहे. अरे मावशीपाशी! तू ये, मी इथेच आहे." त्याने ते ऐकलं आणि तो स्वतःशीच पुटपुटला. मावशीपाशी. शाळेतून आला की तोही हेच सांगायचा की सगळ्यांना, मी मावशीपाशी असतो. त्या टँकरवाल्या गाढवाने मागे न बघता जे केलं ते त्याला हातात छिन्नी असून, डोकं शाबूत असून, एवढ्या वर्षांत जमलं नव्हतं. आणि उद्या सकाळी, त्याच्याच हट्टापायी, एक गरीब बिचारा फिटर येऊन ते पुसून टाकणार होता. आणि जिचं होतं तिला त्याने अजून सांगितलेलं नव्हतं. ती आता किती दिवसांची सोबतीण होती? हल्ली जेवताना तिचा घास हातातच राहायचा आणि ती विसरून जायची की आपण जेवतोय. हा विचार आला तसा तो तिथून निघाला, शिल्पाजवळ गेलासुद्धा नाही.

घरी आला तर बायको टेबलाशी कागद घेऊन बसली होती. कोडी सोडवायचा तिला नाद होता. "इकडे या जरा," ती म्हणाली. "मी मघापासून बघतेय. तुमची ती पडलेली तीन अक्षरं, ळ, ती, पा. इकडची तिकडे केली की काय होतं, सांगा?" "काय होतं?" "पाळती." तिने कागद त्याच्यापुढे सरकवला. "राहिली ती मावशी आणि पडली ती पाळती. मावशी पाळती. अहो, तुमचं चरित्रच लिहिलं होतं त्या चौथऱ्यावर, फक्त जुळणी चुकली होती." ती थट्टेने म्हणाली खरी, पण वर पाहिलं तर तो कागदाकडे असा बघत होता की तिने चष्मा काढून ठेवला. "सांगा की तिला," ती हळू आवाजात म्हणाली. "काय?" "मला विचारता? मी एवढी वर्षं त्या दोघींच्याही पाठी बघतेय. एक रोज सकाळी घरात, एक बसमधून." तो खुर्चीत बसला. "तुला ठाऊक होतं?" "ठाऊक नसायला काय झालं? तुमचा तो दाढीवाला टीकाकार सोडला तर बाकी सगळ्यांना दिसतं." "मग कधी बोलली नाहीस ती." "तुमच्या घरचा खेळ तो. मी मधे कशाला पडू?" आतून मावशीने हाक मारली, "चिखल्या आला का गं?" आणि बायकोने ओरडून सांगितलं, "आला! चेहरा पाडून आला!"

सकाळी मावशी त्यांच्याआधी तयार होऊन बसली. अक्षरं बसवायची आहेत, चल, एवढंच त्याने तिला सांगितलं होतं. त्याने टॅक्सी बोलवायची म्हटलं तर तिने ऐकलं नाही. "टॅक्सीवाला ओरडतो का थांब्याचं नाव? मला ते ऐकायचंय. आता बदलणार ना ते?" मग तिला दोघांनी दोन बाजूंनी धरून बसमध्ये चढवलं. तिचं वजन आता काही राहिलं नव्हतं, दंड धरला की हाड लागायचं. कंडक्टर आला. "कुठे?" त्याने तोंड उघडलं, 'ग्रंथालय' जिभेवर आलंही होतं. "तीन मावशी," तो म्हणाला. कंडक्टरचा हात थांबला. त्याने याच्याकडे पाहिलं, मग मधे बसलेल्या म्हातारीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "एक तर तुमच्याकडे आहेच की आजोबा, आणखी तीन कशाला?" आजूबाजूचे सगळे हसले. मावशी तर खुदुखुदु हसली. तो हसला नाही, पण कान लाल झाले नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं.

इंजिनिअर आधीच हजर होता. शेजारी फिटर, त्याच्या पायाशी ड्रिल, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती तीन अक्षरं. "या सर, या! अरे वा, घरचे सगळेच आले!" त्याने कागद सोडून दाखवला. अक्षरं सुरेख होती, उन्हात झगझगत होती, दोष काढायला जागा नव्हती. "करू सुरुवात?" "थांबा जरा," तो म्हणाला आणि मावशीला धरून मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे टेकून उभ्या असलेल्या माणसाने तिला पाहून जागा करून दिली. मावशीने हात पुढे केला. आधी नुसता तळहात ठेवला. मग तो हात वर गेला, उजवीकडच्या त्या उंचवट्यावर थांबला, तिथून मधल्या खळगीत उतरला, आणि अंगठ्याने दोन्ही बाजू चाचपत सावकाश खाली खाली येत गेला. घडी घातल्यावर पट्टी फिरवायची तसाच. हात जितका पोचला तितका पोचला. मग ती त्याच्याकडे न वळता म्हणाली, "ही मी का रे?"

त्याला वाटलं होतं आपण काहीतरी मोठं बोलू. रात्रभर जुळवलंही होतं. "हो," तो म्हणाला. "हो गं. तूच आहेस. पहिल्यापासून तूच."

"हं," मावशी म्हणाली.

"तू तेव्हा विचारलं का नाहीस? बाकी सगळ्यांबद्दल विचारलंस, हिच्याबद्दलच नाही."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास," मावशी म्हणाली. "आणि तू म्हणालास म्हणजे मला ते खरं धरावं लागलं असतं. मग मी गप्पच बसले. म्हटलं, असू दे. माझ्यापाशी एक तरी राहू दे."

त्याला एकदम रडू आलं. भर रस्त्यात, थांब्यावरच्या सगळ्या माणसांदेखत, लहान मुलासारखं आलं, आणि ते थोपवायचं त्याला सुचलंही नाही. बायको पुढे झाली नाही, तिने फक्त पर्समधला रुमाल काढून हातात तयार ठेवला. इंजिनिअर बिचारा गोंधळला. "सर, काही चुकलं का? माप तंतोतंत घेतलंय." "माप बरोबर आहे," तो नाक पुसत म्हणाला, "पण बसवू नका." "बसवू नका? अहो सर, एवढी वर्षं तुम्हीच..." "हो, मीच. आता मीच नको म्हणतोय. आहे ते नाव बरोबर आहे." फिटरने हातातला ळ उलटसुलट करून पाहिला. "मग यांचं काय करू?" "इकडे द्या," बायको म्हणाली, "मला हवीत," आणि वर्तमानपत्रासकट तिने ती पिशवीत टाकली.

मावशीचा हात अजून दगडावरच होता. "किती वर्षं झाली हिला अशी वाकून बसून?" तिने विचारलं. "बरीच झाली गं." "आणि लोक वरून टेकतात. पाठ भरून आली असेल रे. चेप जरा." तो तिच्याकडे बघत राहिला. ती थट्टा करत होती की नाही ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं, तसं ते कधीच कळलेलं नव्हतं. रांगेतली माणसं आता उघड उघड बघायला लागली होती. समोरून बस येत होती, दारातला कंडक्टर ओरडत होता, "मावशी, मावशी! चला, मावशीवाले!" कोणीतरी फिसकन हसलं. त्याने बाह्या वर केल्या, दोन्ही हात काळ्या दगडावर ठेवले आणि दाबायला सुरुवात केली. मावशीने त्याच्या हातावरून हात फिरवून पाहिला.

"तळहाताने नको," ती म्हणाली, "अंगठा लाव. आणखी खाली. हं, तिथंच."